फेल्युअर कोणाच्या नावावर

रेल्वेत काही बिघडलं की पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नसतो, ‘फेल्युअर कोणाच्या नावावर’ हा असतो. सिग्नल लाल होऊन बसलेला असतो, मागे गाड्या तुंबलेल्या असतात, आणि रुळांचं खातं, विजेचं खातं आणि आमचं सिग्नलचं खातं, असे तिघं तीन रजिस्टरं घेऊन अतिशय नम्रपणे एकमेकांकडे बोट दाखवत असतात. मी चौतीस वर्षं सिग्नलमध्ये काढली, त्यातली बावीस लोणावळ्यात. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेताना माझ्या नावावर एकही फेल्युअर नव्हतं. रुळांच्या खात्याच्या नावावर काही होती. दोन-तीन उंदरांच्या नावावर होती. एक मी घाटातल्या एका माकडाच्या नावावर चढवलं होतं आणि ते वरपर्यंत मान्य झालं होतं.

हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या अब्रूचा प्रश्न होता. हौशीरामच्या पोटाचाही होता. पण तो सभ्य माणूस असल्यामुळे त्याने ते एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि मी मात्र माझ्या अब्रूबद्दल रोज बोलत होतो.

हौशीराम म्हणजे आमच्या कुसगावपासून पाऊण तासावर, धरणाच्या काठावर राहणारा नावाडी. पलीकडच्या तीन वाड्यांचं दूध, कॉलेजला जाणाऱ्या मुली, सिमेंटची पोती, बाळंतिणी, आणि शनिवार-रविवारी तंबूत झोपायला येणारी शहरातली माणसं, हे सगळं तो वल्ही मारत इकडून तिकडे नेतो. गाडीने वळसा घालून जायचं तर बावीस किलोमीटर. होडीने वीस मिनिटं. तीस वर्षं वल्ही मारून त्याचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता वल्हं सोडलं नाहीत तर वर्षभरात हात वर करून केससुद्धा विंचरता येणार नाहीत. हौशीरामला केस फारसे नाहीत, त्यामुळे त्याने ते मनावर घेतलं नाही. त्याच्या बायकोने, नंदाबाईंनी घेतलं.

त्यांच्या ओट्यावर चहा पिताना हा विषय निघाला आणि मी दहा माणसांदेखत म्हणालो, “होडीला इंजिन लावा. विजेचं काय असेल ते माझ्यावर सोडा.”

यशोधराने, म्हणजे माझ्या पत्नीने, मला कोपराने ढोसलं. निवृत्तीनंतर मी ज्या गोष्टी माझ्यावर सोडायला सांगितल्या, त्यांची ती मनात यादी ठेवते. शेजाऱ्यांचे दोन मिक्सर आणि आमचा स्वतःचा गीझर अजून माझ्यावरच आहेत. शिवाय तिची एक जुनी तक्रार आहे. मी कुठलंही यंत्र उघडलं की निघालेला प्रत्येक भाग कागदात बांधतो, वर नाव आणि नग लिहितो, सही करतो, आणि ते पुडकं घरात जे कोणी प्रमुख असेल त्याच्या हाती देतो. ही खात्याची शिस्त आहे. आमच्या घरातली प्रमुख स्वयंपाकघरात असल्यामुळे पुडकी मसाल्याच्या डब्याशेजारी जाऊन बसतात. एकदा जिऱ्याच्या जागी वॉशर फोडणीत पडले होते. कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, वाचलं नाही हा माझा दोष नाही, असं मी त्या दिवशी म्हणालो होतो. हे वाक्य यशोधराने जपून ठेवलं आहे.

इंजिन मी मोबाइलवर शोधलं. कोकणातल्या एका मासेमाराने वापरलेलं, पंधरा अश्वशक्तीचं, बटण दाबून सुरू होणारं. विकणाऱ्याने चालवून दाखवलं, आम्ही टेंपोत घालून आणलं, होडीच्या मागे बसवलं, आणि ते सुरूही झालं. बरोबर माहितीपुस्तक होतं, पण ते जपानी भाषेत होतं. त्यातल्या चित्रांवरून मला जे समजलं त्यावर मी समाधानी होतो. तीन दिवस हौशीराम काठाकाठाने चालवून बघत होता आणि चौथ्या दिवशी कोणीतरी त्याला सांगितलं की यांत्रिक बोटीला परवानगी लागते.

परवानगीसाठी आम्ही धरणाच्या ऑफिसात गेलो. तिथे निवृत्ती नावाचे एक कारकून आहेत. नाव निवृत्ती असलं तरी त्यांना अजून अकरा वर्षं आहेत, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांनी अर्ज दिला. अर्जाला सतरा रकाने होते आणि चौदाव्यात ‘विद्युत यंत्रणा दोषमुक्त असल्याबाबत सक्षम व्यक्तीचा दाखला’ असं होतं. सक्षम व्यक्ती कोण, असं मी विचारलं. निवृत्ती म्हणाले की तसं कुठे लिहिलेलं नाही, पण सक्षम असावी. मी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. हौशीराम, निवृत्ती आणि मी असे तिघंच होतो. मी पेन काढलं आणि ‘मी स्वतः तपासले, दोष नाही’ असं लिहून सही केली. माझ्या निवृत्तीनंतर अडीच वर्षांत मी सोसायटीच्या रजिस्टरशिवाय कशावर सही केली नव्हती. फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

चाचणीची तारीख मिळाली दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारची, सकाळी अकरा. त्या दिवशी ऑफिसच्या मॅडम काठावर येणार, इंजिन सुरू करून पलीकडे जाऊन परत यायचं. जमलं तर परवानगी. नाही जमलं तर अर्ज निकाली, आणि नवा अर्ज पुढचा पावसाळा संपल्यावर. म्हणजे एक वर्ष आणखी वल्ही. तेवढं त्या खांद्यात उरलेलं नव्हतं, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मध्ये खंडेनवमी आली. हौशीरामच्या घरी त्या दिवशी कोयता, विळा, पंप, मोटारसायकल अशी सगळ्या अवजारांची पूजा असते, त्यात यंदा इंजिनाचा मान पहिला. आम्ही बौद्ध. पूजा आमच्यात नाही. पण यंत्र पुसायला आमचा काही विरोध नाही, म्हणून आमची वाटणी अशी ठरली की पूजा त्यांची आणि साफसफाई माझी. मी इंजिन घासून-पुसून लख्ख केलं. बटणाजवळ एक लाल, पिळाची, जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी दोरी लोंबत होती. रिक्षावाले आरशाला गोंडे लावतात तसलाच प्रकार, असं मी धरून चाललो. तिच्यामुळे झेंडूचा हार नीट बसेना, तेव्हा मी ती रीतसर काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि आम्हाला खंडेनवमीच्या संध्याकाळीच नागपूरची गाडी होती. यशोधरा रस्त्यावरून हाका मारत होती. मी हात धुतले आणि निघालो.

नागपूरहून परतलो, एक दिवस सर्दीत काढला, आणि बुधवारी चाचणीची रंगीत तालीम करायला काठावर गेलो. हौशीरामने हसतमुखाने बटण दाबलं. इंजिन घरघरलं आणि पेटलं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

मी शांतपणे बाह्या वर केल्या. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर आला होता. त्यावर हळदीचे डागही होते. मी लगेच निष्कर्ष काढला की पूजेचं पाणी बॅटरीवर पडलं, आणि फेल्युअर नंदाबाईंच्या नावावर चढवलं. नंदाबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या की त्यांनी पाणी शिंपडलं नव्हतं, फूल वाहिलं होतं, आणि फुलाने इंजिन बंद पडत असेल तर ते परत कोकणात पाठवा. मी टोकं घासली, घट्ट केली. घरघर जोरात झाली. पेटलं मात्र नाही.

दुधाची वेळ झाली होती. हौशीरामने कॅन होडीत चढवले, वल्ही घेतली आणि निघाला. दर तिसऱ्या-चौथ्या वल्ह्याला तो उजवा हात सोडून क्षणभर थांबत होता. मी पाण्याकडे बघण्याचं टाळलं.

घरी येईपर्यंत बातमी सोसायटीत पोहोचली होती. आमच्या खाली श्रीपतीभाऊ राहतात. त्यांनी तीस वर्षं नौदलाच्या मेसमध्ये भाजी चिरली, त्यामुळे पाण्यावर तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असतो. ते म्हणाले की बोटीचं इंजिन हे खाऱ्या पाण्याला सरावलेलं असतं, गोड्या पाण्यात त्याचं मन लागत नाही. मी म्हणालो की दोष विजेचा आहे. ते म्हणाले, तेच ते, मीठ नसेल तर वीज चालणार कशी. सोसायटीच्या ग्रुपवर एकाने इंजिनाला धूप दाखवायला सांगितलं. दुसऱ्याने सॅनिटायझर फवारायला सांगितलं. तिसऱ्याने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, आणि मग खालून बत्तीस जणांनी मला शुभेच्छा दिल्या. त्यांतल्या दोघांनी संध्याकाळी येऊन केक मागितला.

गुरुवारी हौशीरामने त्याच्या ओळखीचा गोरख आणला. गोरखचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तो इंजिनाभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, “ह्ये म्हंजी स्कूटरच हाय. खाली चाक न्हाई येवडंच.” मग त्याने बॅटरी काढली आणि परत लावताना तारा उलट्या लावल्या. फट्‌ असा आवाज आला आणि फ्यूज उडाला. आता घरघरही बंद झाली. मला मनातून थोडं समाधान वाटलं, कारण हे फेल्युअर निर्विवादपणे गोरखच्या नावावर जात होतं. पण त्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, तिची गुंडाळी करून फ्यूजच्या जागी ठेवायला लागला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला फ्यूज म्हणजे काय, तो कशासाठी जळतो, आणि स्वतः जळून तो कसा यंत्र वाचवतो, यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. यंत्रात धोका दिसला की यंत्राने थांबलंच पाहिजे, हाच आमच्या खात्याचा धर्म, असंही सांगितलं. गोरखने ते ऐकून घेतलं आणि गिऱ्हाईक थांबलंय म्हणून निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला की धर्म खरा, पण गाडी कुटं चाललीय.

नवा फ्यूज लोणावळ्यात मिळाला. पाच दुकानं फिरावी लागली. एकाने तर आधी दोन किलो चिक्की बांधली आणि मग सांगितलं की फ्यूज शेजारी मिळेल.

शुक्रवारी मी ठरवलं की आता अंदाज बंद, शास्त्र सुरू. मी प्लग काढला, त्याला वायर लावली, इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला आणि हौशीरामला बटण दाबायला सांगितलं. चांगल्या इंजिनात इथे निळी ठिणगी उडते. उडाली नाही. म्हणजे पेट्रोल ठीक, बॅटरी ठीक, ठिणगीच तयार होत नव्हती. हा शोध लागल्यावर मला इतका आनंद झाला की मी उभा राहिलो. होडीत एकदम उभं राहू नये, हे मला हौशीरामने आधी दोनदा सांगितलं होतं. मी वाचलो, पण हातातला मल्टिमीटर पाण्यात गेला. हा मल्टिमीटर मला खात्यातल्या मुलांनी वर्गणी काढून निरोप समारंभात दिला होता, मागे माझं नाव कोरून. हौशीरामने जाळं टाकून तो वर काढला. त्या दिवसापासून तो कशालाही लावला तरी बारा व्होल्ट दाखवतो. बॅटरीला बारा, वल्ह्याला बारा, आणि नंदाबाईंनी दिलेल्या पोह्यांनाही बारा.

“ऱ्हाऊ द्या भाऊ,” हौशीराम म्हणाला. “तुमी लय केलं.”

मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो रोज सकाळी मी आलो की आधी घरात जायचा, देवघरातल्या कसल्याशा पुडक्याला हात जोडायचा, आणि मग बाहेर येऊन मला पाने-स्क्रू ड्रायव्हर द्यायचा. देवापाठोपाठ हा आपल्यावरही भरवसा ठेवतोय असं वाटून मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

शनिवारी मी इंजिनातली ठिणगी तयार करणारी डबी आणि कॉइल पिशवीत घालून नवलाख उंबऱ्याला गेलो. तिथे एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगची तपासणी होते आणि तिथे काम करणारा पप्पू हा माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. फाटकावरच्या रखवालदाराने पिशवी उघडून बघितली, आतल्या काळ्या डबीतून निघालेल्या चार तारा पाहून दोन पावलं मागे सरकला आणि मला बाकावर बसवलं. मी निवृत्त रेल्वे कर्मचारी असल्याचं ओळखपत्र दाखवलं. त्यावर तो म्हणाला की मग तर बसाच. सव्वा तासाने पप्पू जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला, डबी आत घेऊन गेला आणि हसत परत आला. म्हणाला, “काका, सगळं ओके आहे. एक नंबर. काहीच दोष नाही.”

कधी कधी ‘काहीच दोष नाही’ हे ऐकण्याइतकं वाईट काही नसतं. बॅटरी चांगली, फ्यूज नवा, प्लग स्वच्छ, कॉइल उत्तम, डबी एक नंबर. डबी-कॉइल परत बसवली तरी तेच; सगळे भाग आपापल्या जागी निर्दोष होते आणि एकत्र आले की संपावर जात होते. मी आता फेल्युअर चढवायला कोणाचं नाव शिल्लक आहे ते शोधू लागलो. कोकणातल्या मासेमाराला फोन केला, तर तो म्हणाला की त्याच्याकडे इंजिन कधीच बंद पडलं नव्हतं, आणि तुम्ही त्याच्यावरचं काही काढलं-बिढलं का. मी त्याला सांगितलं की मी चौतीस वर्षं सिग्नलमध्ये होतो. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी मी दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. जगात बोटीचं इंजिन दुरुस्त करणारी इतकी माणसं आहेत याची मला कल्पना नव्हती. प्रत्येक व्हिडिओची पहिली दोन मिनिटं ओळखपाळख आणि ‘सर्वांत आधी हे बघा’ असल्या बालवाडीच्या सूचनांत जातात, म्हणून ती उडवून मी थेट पुढे जात होतो. तारांच्या आकृत्या कागदावर काढत होतो. यशोधरा शेजारी बसून शेंगा सोलत होती. संध्याकाळी तिने विचारलं, “उद्या चाललं नाही तर?”

मी म्हणालो, हौशीरामचं वर्ष जाईल.

“आणि तो दाखला? दोष नाही म्हणून सही केलीत तो?”

तो प्रश्न मी पाच दिवस मनात उघडला नव्हता. दोष असलेल्या यंत्रणेवर ‘दोष नाही’ अशी माझी सही होती. आमच्या खात्यात एवढ्यासाठी माणसं घरी बसतात. मी कोरा कागद घेतला आणि पत्र लिहिलं की सदर इंजिनात दोष आढळून आला आहे, कारण अज्ञात, सबब माझा दाखला मी परत घेत आहे. लिहून झाल्यावर मला हौशीरामचा तो तिसऱ्या-चौथ्या वल्ह्याला थांबणारा हात आठवला. आपण ओट्यावर बसून चहाच्या कपाबरोबर एखाद्याला शब्द देतो, आणि तो माणूस त्यावर आपली होडी बांधतो. मी अब्रू-अब्रू करत बसलो होतो, पण लाज मला ह्याची वाटत होती.

सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना मॅडम आल्या. राजेश्वरी मॅडम, वय तिशीच्या आत, पायात चिखलाचे बूट, हातात फाइल. बरोबर निवृत्ती होते. श्रीपतीभाऊही बसने आले होते आणि पिशवीत मिठाचा पुडा घेऊन उभे होते. मी कोणाला काही बोलू न देता पुढे झालो आणि पत्र मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, “काका, हे घेतलं तर मला चाचणी न घेताच अर्ज बंद करावा लागेल.”

मी होकाराची मान हलवली. निवृत्तींनी पेनचं टोपण काढलं.

“मॅडम, येक मिनिट,” हौशीराम म्हणाला. “लिवायच्या आधी येकदा बटन दाबू द्या. आन भाऊ, तुमी दिल्यालं त्ये बी बांदतो आज इंजिनाला. आज न्हाई तर कवा बांदायचं.”

“मी काय दिलं?”

“खंडेनवमीला न्हाई का दिलंत? कागदात. घाईत निघालावता तुमी.”

तो घरात गेला आणि दोन्ही हातांत धरून एक पुडकं घेऊन आला. कागद हळदीने पिवळा झाला होता, कुंकवाची बोटं उमटली होती, वर झेंडूची सुकलेली पाकळी चिकटली होती. “रोज हात जोडतुया,” तो म्हणाला. “उघडलं न्हाई. तुमी देव मानत न्हाई, आन तरीबी सही करून दिलंत, म्हनलं ह्यात कायतरी जबर असनार.”

मी पुडकं घेतलं. हळदीखाली माझंच अक्षर होतं, वळणदार, खात्यात नावाजलेलं. ‘लाल दोरी, एक नग. काम झाल्यावर पूर्ववत बसवणे. हा भाग बसवल्याशिवाय यंत्रणा सुरू करू नये. सु. का. ओव्हाळ, सिग्नल. वेळ ४.१०.’

हे वाक्य मी आयुष्यात काही हजार वेळा लिहिलं असेल. वाचलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

कागद सोडला. आत ती पिळाची दोरी होती, आणि तिच्या टोकाला प्लॅस्टिकची एक छोटी चिमटी. इंजिनावरच्या लाल बटणाखाली त्याच आकाराची खाच होती. पाच दिवस मी त्या खाचेपासून चार बोटांवर प्लग उघडत होतो. ही चिमटी खाचेत बसवायची आणि दोरीचं दुसरं टोक नावाड्याने मनगटात अडकवायचं. नावाडी पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, चिमटी निघते, ठिणगी बंद, इंजिन बंद. चिमटी जागेवर नसेल तर इंजिन समजतं की माणूस पाण्यात आहे, आणि पेटत नाही. कोणी कितीही पाने आपटले तरी नाही. धोका दिसला की यंत्राने थांबलंच पाहिजे. त्या इंजिनाला आमच्या खात्याचा धर्म माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

मी चिमटी खाचेत सरकवली. हौशीरामच्या डाव्या मनगटात दोरी अडकवली. “दाबा,” म्हणालो.

एका घरघरीत पेटलं. बगळे उडाले. नंदाबाई ओट्यावर मटकन बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. हौशीरामने उजवा हात मांडीवर ठेवला, डाव्या हाताने इंजिन वळवलं, आणि होडी पलीकडे निघाली. मांडीवरचा तो हात पहिल्यांदाच स्वस्थ पडलेला पाहून मला आनंदाने भडभडून आलं, आणि मी चष्मा पुसण्याचं निमित्त केलं.

होडी परत आल्यावर मॅडमनी शेरा लिहिला. मग माझं पत्र पुढे करून म्हणाल्या, “हे परत घ्या. मी काही बघितलेलं नाही.” पण निवृत्तींचा त्यावर आवक क्रमांक टाकून झाला होता. आता दोषाचं कारण आणि दोष कोणामुळे, हे दोन रकाने भरल्याशिवाय कागद फाइलमधून हलणार नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सवयीने इकडेतिकडे पाहिलं. वरच्या उंबरावर एक माकड बसलं होतं.

“माज्या नावावर टाका,” हौशीराम म्हणाला. “पुडकं मीच उगडलं न्हाई.”

कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं, वाचलं नाही हा त्याचा दोष, असं मला म्हणता आलं असतं. वॉशरच्या वेळी म्हणालोच होतो. मी पेन घेतलं आणि ‘दोष कोणामुळे’ या रकान्यात लिहिलं, ‘सिग्नल खाते.’ खाली नाव लिहिलं, सही केली, आणि वेळ टाकली. चौतीस वर्षं अधिक अडीच वर्षांनी ते पहिलं फेल्युअर माझ्या नावावर चढलं. संध्याकाळी यशोधराला सांगितलं. तिने मोबाइल घेतला, कालचा व्हिडिओ लावला आणि मला पहिली दोन मिनिटं दाखवली. त्यात सर्वांत आधी लाल दोरी बघा असं होतं.

पुडक्याचा कागद हौशीरामने परत मागून घेतला. तो अजून त्यांच्या देवघरात आहे. दोरी तो रोज संध्याकाळी काढून घरी नेतो आणि सकाळी मनगटात घालून निघतो, आणि हीच खरी पद्धत आहे असं मॅडमनी सांगितलं. परवा आम्ही काठावर उभे होतो तेव्हा पलीकडून येताना त्याने आम्हाला उजवा हात वर करून दाखवला. पुरता वर नाही, कानापर्यंत. नंदाबाई त्या हाताकडे बघत म्हणाल्या, “आता क्यास असतं तर इंचरलं असतं.”